मयताची नोंद

१८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागातले ताप आणि गाठीचे रुग्ण पाहिले आणि हा प्लेग आहे, असे स्पष्ट सांगितले. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, मुंबईत वैद्यकी करणारे आणि पालिकेचे सभासद. मांडवी म्हणजे गोदीला चिकटलेली वस्ती. खाली धान्याच्या वखारी, वर माणसांनी खचाखच भरलेल्या चाळी आणि दोहोंमध्ये मोकळे फिरणारे उंदीर. निदान अचूक होते, पण ते ऐकायची कोणाची तयारी नव्हती. मुंबईचे पोट बंदरावर, आणि बंदरात प्लेग आहे अशी बातमी युरोपात पोचली की जहाजे अडवली जाणार, कापूस आणि कातडी पडून राहणार, हे व्यापाऱ्यांना आणि सरकारलाही ठाऊक होते. त्यामुळे पहिले काही दिवस एका ‘विशिष्ट तापा’ची भाषा चालली. या साथीत पुढे लाखो लोकांनी आपापल्या घरातले आजार लपवले आणि त्याबद्दल त्यांच्या अडाणीपणावर पानेच्या पाने लिहिली गेली. पण सर्वांत आधी आजार लपवावासा वाटला तो शिकल्यासवरल्या, कारभार हाकणाऱ्या मंडळींना. त्यांचे कारणही घरातला आजार लपवणाऱ्यांसारखेच होते. खरे सांगितले तर नुकसान आपलेच, हे त्यांना दिसत होते.

सार्वजनिक आरोग्याचा इतिहास आपण बहुधा औषधांचा आणि डॉक्टरांचा इतिहास म्हणून वाचतो. लस आली, क्लोरीन आले, प्रतिजैविके आली आणि मृत्यू घटले, असा तो ओघ असतो. हा ओघ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. एखाद्या समाजाचे आरोग्य सुधारायचे तर आधी तिथे कोण, कशाने, किती वयात मरतो हे कळावे लागते, आणि हे सांगणारा माणूस सरकारी कचेरीत बसलेला नसतो. तो मयताच्या घरात असतो. त्याने सांगितले तर नोंद होते, नाही तर होत नाही. म्हणून कोणत्याही काळातली आरोग्याची आकडेवारी हातात घेतली की पहिला प्रश्न असा विचारावा: ज्याने ही नोंद दिली, त्याच्या पदरात काय पडले? महाराष्ट्राच्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर जिथे ‘शिक्षा’ असे होते तिथे आकडे खोटे निघाले आणि उपायही फसले. जिथे ‘उपचार’ असे होते तिथे आकडे खरे निघाले आणि माणसे वाचली. हे म्हणणे मांडताना त्यावरचे आक्षेपही विचारात घ्यावे लागतील, कारण त्यांतले काही वजनदार आहेत.

प्लेगची गोष्ट पुढे नेऊ. ऑक्टोबर १८९६ मध्ये पालिका आयुक्त स्नो यांनी हुकूम काढला. रुग्ण आढळला की त्याला सक्तीने रुग्णालयात हलवायचे, घर धुऊन-जाळून साफ करायचे, सोबतच्या माणसांना वेगळे काढायचे. त्या काळी आर्थर रोडचे रुग्णालय हे बरे होण्याचे ठिकाण नव्हते. तिथे गेलेले बहुतेक लोक परत येत नसत, आणि परत न आलेल्याचे अंत्यसंस्कार कोणी, कसे केले याचाही घरच्यांना पत्ता नसे. २९ ऑक्टोबरला गिरणीकामगारांचा जमाव या रुग्णालयावर चालून गेला. शहरातून लोकांचा लोंढा बाहेर पडू लागला. शेवटी स्नो यांना माघार घ्यावी लागली, पण जमावाच्या दगडांपेक्षा दुसऱ्याच एका भीतीने त्यांना नमवले. हलालखोर, म्हणजे शहराचा मैला वाहणारे कामगार, पळून गेले तर काय? ते गेले असते तर प्लेगवाचूनही मुंबई राहण्याजोगी उरली नसती. हुकूम सैल झाला. मात्र मार्च १८९७ मध्ये सरकारने पालिकेच्या हातून सूत्रे काढून ब्रिगेडियर जनरल गॅटॅकर यांच्या समितीकडे दिली आणि झडत्या सुरू झाल्या. तोवर शहराची निम्मी वस्ती ओस पडली होती. गावी गेलेल्यांबरोबर रोगही गावोगावी गेला, हे वेगळे सांगायला नको.

या सगळ्यात मोजणीचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. मुंबईत मयतांची नोंद स्मशाने आणि दफनभूमींवरून होत असे, त्यामुळे एकूण मृत्यू किती हे बऱ्यापैकी कळे. घोटाळा कारणात होता. प्लेग म्हटले की घर उघडे पडणार, म्हणून मयताचे कारण ‘ताप’ लिहवले जाई, नाही तर खोकला, दम, जे सुचेल ते. आरोग्य खात्याच्याही हे ध्यानात आले. नेहमीच्या वर्षांची सरासरी बाजूला ठेवून त्याहून किती जास्त माणसे मेली हे पाहिले की प्लेगचा खरा आवाका दिसे, आणि तो नोंदलेल्या प्लेगमृत्यूंपेक्षा बराच मोठा असे. म्हणजे लोक मयत लपवत नव्हते, मयताचे कारण लपवत होते. रोग आटोक्यात आणायला नेमके ते कारणच कळायला हवे होते.

पुण्यात तर नोंदीचा आणि बंदुकीचा संबंध उघडच झाला. १८९७ च्या मार्चपासून मे महिन्यापर्यंत रँड यांच्या प्लेग समितीच्या हाताखाली गोरे सोजीर पेठांमधून घरे झाडत फिरले. देवघरात बूट, बायकांची तपासणी, सामानाची होळी, या तक्रारींनी त्या वेळची वर्तमानपत्रे भरलेली आहेत. लोकांनी रुग्णांना माळ्यावर, बळदात, परसात लपवले आणि रात्रीतून गावाबाहेर नेले. याच शहराच्या बाहेर, हडपसरच्या माळावर यशवंतराव फुले यांनी दवाखाना उघडला होता. तिथे सावित्रीबाई रुग्णांना आणवत आणि स्वतः आणत होत्या, आणि १० मार्च १८९७ ला त्या स्वतःच प्लेगने गेल्या. एकाच महिन्यात, एकाच शहरात, एका दाराशी लोक रुग्ण लपवतात आणि दुसऱ्या दाराशी रुग्ण आणून सोपवतात. रोग तोच आणि लोकही तेच. २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यानंतरचा इतिहास आपण राजकारणाच्या पुस्तकात वाचतो. आरोग्याच्या पुस्तकात त्याची जागा लहान असते, पण ती मोठी असायला हवी. साथीचे व्यवस्थापन एखाद्या अधिकाऱ्याच्या जिवावर उठते, तेव्हा फसलेली गोष्ट केवळ राजकीय नसते.

आता पहिला आक्षेप. लोक काहीही म्हणोत, साथीत सक्ती लागतेच, असे मानणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा त्याच विचाराचा, आणि २०२० मध्ये आपण तोच काढून वापरला. या आक्षेपाला मुंबईनेच उत्तर दिले. गॅटॅकर समितीच्याच काळात निरनिराळ्या जातींना आणि समाजांना स्वतःची प्लेग रुग्णालये उघडू देण्यात आली. आपल्या माणसांचे रुग्णालय, आपल्या रिवाजाचे अन्न, मेल्यावर आपल्या पद्धतीने अग्नी किंवा माती. पुण्यात टिळकांनी असेच एक रुग्णालय चालवले. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली प्लेगवरची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात तिची परीक्षा झाली. पण खोजा समाजात ती हजारोंनी टोचली गेली त्यामागे तिसरे आगाखान होते, ज्यांनी लोकांसमोर स्वतःचा दंड पुढे केला. १८९८ च्या मार्चमध्ये मदनपुऱ्यात विणकरांच्या घरातून एका आजारी मुलीला हलवण्यावरून पुन्हा दंगल पेटली, आणि त्यानंतर सरकारनेही हळूहळू सक्तीचा हात आखडता घेतला. भारतीय प्लेग आयोगाच्या चौकशीतही सक्तीचे तोटे पुढे आले. शिवाय एक गोष्ट विसरू नये. त्या सक्तीमागचे शास्त्रही तेव्हा अर्धवट होते. उंदरावरची पिसू रोग पसरवते हे संशोधक सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले, आणि ते सर्वमान्य व्हायला परळच्या प्रयोगशाळेतले पुढच्या दशकातले काम लागले. घरे धुऊन उंदीर शेजारच्या घरात पिटाळण्यासाठी सोजीर कामाला लावले होते, असे आज म्हणता येते. तेव्हा ते कोणाला माहीत नव्हते हे खरे, पण खात्री नसताना जबरदस्ती करू नये, एवढे तर माहीत असायला हरकत नव्हती.

शहरातली गोष्ट झाली, खेड्यात काय होते? मुंबई इलाख्यात गावच्या जन्ममयतांची नोंद पाटलाकडे असे. कोतवाल सांगे, पाटील लिही किंवा कुलकर्ण्याकडून लिहून घेई, आणि ते तालुक्याला जाई. पाटलाच्या इतर कामांच्या मानाने या कामाला काही मोल नव्हते. सारा चुकला तर जाब विचारला जाई, मयत चुकले तर कोणी विचारत नसे. या यंत्रणेची परीक्षा १९१८ च्या मानमोडीने, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीने, घेतली. मुंबई शहरात ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी ७६८ माणसे मेली, हा आकडा आपल्याला नेमका ठाऊक आहे, कारण तिथे स्मशानाच्या दारात लिहिणारा बसलेला होता. खेड्यात लिहिणाराच अंथरुणाला खिळला होता किंवा मेला होता. इलाख्यात दहा लाखांवर माणसे गेली असे सरकारी हिशेब सांगतात, पण कुठल्या गावात किती, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी १९२१ च्या जनगणनेतल्या खड्ड्यावरूनच काढावे लागते. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९११ मध्ये सुमारे २ कोटी १५ लाख लोक होते आणि १९२१ मध्ये सुमारे २ कोटी ८ लाख. दहा वर्षांची सगळी वाढ गिळून वर आणखी काही लाख वजा. ही वजाबाकी सांगते की मोठी आपत्ती झाली. ती कोणत्या वयाच्या, कोणत्या वस्तीतल्या, किती दिवस आजारी असलेल्या माणसांवर कोसळली, हे सांगत नाही.

स्वातंत्र्यानंतर कायदा सुधारला. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला, ठरावीक मुदतीत नोंद बंधनकारक झाली, आणि गावातले हे काम पुढे ग्रामसेवकाकडे आले. तरी नोंदी सारख्या भरल्या नाहीत, आणि कुठल्या भरल्या हे पाहिले तर माझ्या मुद्द्याला त्याहून चांगला पुरावा नाही. घरचा कर्ता पुरुष गेला की दाखला लागतो. सातबाऱ्यावर वारस नोंद करायची असते, फेरफार घालायचा असतो, सोसायटीचे खाते, विम्याचे पैसे, बायकोचे निराधार अनुदान. म्हणून ती नोंद होते. म्हातारी गेली तर तिच्या नावावर बहुधा काही नसते, मग घाई कसली? आणि चार दिवसांचे बाळ गेले तर त्याचे नावसुद्धा ठेवलेले नसते. त्याला पुरून लोक घरी येतात, त्याच्या जन्माची नोंद नसते आणि मृत्यूचीही नसते. जन्मनोंदी वाढल्या त्या शाळेने दाखला मागायला सुरुवात केल्यावर. सरकारलाही हे कळत होते. म्हणूनच कायद्याच्याच सुमारास नमुना नोंदणी पद्धत सुरू झाली. त्यात निवडक गावांत एक स्थानिक माणूस वर्षभर जन्ममृत्यू टिपतो आणि दर सहा महिन्यांनी बाहेरचा पर्यवेक्षक येऊन स्वतंत्रपणे घरोघर विचारतो. दोन्ही याद्या ताडून पाहायच्या. राज्याचा बालमृत्यू दर आपण या पद्धतीवरून सांगतो. १९७१ मध्ये तो हजारी १०५ होता, २०२० मध्ये १६. उत्तम पद्धत आहे, पण तिच्यात एक उणीव मुळातच आहे. ती राज्याचा दर सांगते. तुमच्या गावात कोण मेले आणि पुढच्या आठवड्यात कोणाला वाचवता येईल, हे ती सांगू शकत नाही, आणि तो तिचा हेतूही नाही.

ती उणीव भरून काढणारे प्रयोग दोन टोकांना झाले, नगर जिल्ह्यात आणि गडचिरोलीत. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आले. दुष्काळी, कोरडा तालुका. आधी त्यांनी गावोगाव परिचारिका ठेवायचा प्रयत्न केला. त्या गावात टिकेनात, आणि गावकरीही त्यांना बाहेरचेच समजत. मग गावातल्याच बायका निवडल्या, बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र मुक्काम करत. परत गेल्यावर गरोदर बायका, तान्ही मुले, खोकला, जखम, कुष्ठ यांवर लक्ष ठेवत. पाण्याचे बोअर घेताना आरोळ्यांनी ते दलित वस्तीत पाडून घेतले, म्हणजे पाणी हवे त्याने तिथे यावे. गावाला ही बाई पाणी, औषध आणि बाळंतपणातली मदत देत होती, म्हणून तिच्या प्रश्नांना खरी उत्तरे मिळत होती. प्रकल्पाच्या नोंदीनुसार १९७१ मध्ये तिथला बालमृत्यू दर हजारी १७६ होता, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तो तिशीखाली गेला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मात्र शंकेखोर वाचक इथे थांबवील, आणि थांबवायलाच हवे. जामखेडच्या शेजारी प्रयोगाबाहेरची गावे तशाच बारकाईने मोजली गेली नव्हती. त्याच काळात रोजगार हमी आली, रस्ते झाले, लसीकरण वाढले. मग घट कशाची?

गडचिरोलीचे काम या शंकेला उत्तर देते, म्हणून ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. जिल्हा तेव्हा जेमतेम चार वर्षांचा, १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्हा तोडून झालेला. त्यांचा पहिला मोठा निष्कर्ष मोजणीचाच होता. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली तेव्हा ९२ टक्के जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आल्यावर लोकांचे डोळे उघडले. दुखणे होते, पण विचारणारे कोणी नव्हते आणि सांगून उपयोग होईल असा दवाखाना नव्हता, म्हणून ते कुठल्याच कागदावर नव्हते. नंतर आला न्यूमोनिया. लहान मुलाचा श्वास मिनिटाला किती चालतो यावरून तो ओळखता येतो, पण गावातल्या दायांना जेमतेम बारापर्यंत मोजता येई. त्यावर काढलेली युक्ती अशी. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू खाली पडायच्या आत ओळीतला शेवटचा लाल मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया, औषध द्या. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी साठ श्वास, मोठ्यासाठी पन्नास, म्हणून दोन ओळी. माझ्या मते या साधनाची खरी ताकद मण्यांत नाही. तेच हात मोजतात आणि तेच हात लगेच औषध देतात, यात आहे. आईला बाळाचे श्वास मोजू देण्यात काही गमवायचे नव्हते. एक मिनिट थांबायचे आणि गोळी मिळवायची.

नवजात बाळांच्या बाबतीत त्यांनी मोजमापाची खबरदारी आणखी घेतली. ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी, शेजारच्या ४७ गावांत ती नाही. दोन्हीकडे जन्ममृत्यूंची सारखीच मोजणी, गावातल्या माणसाची नोंद आणि ठरावीक काळाने स्वतंत्र घरोघर पाहणी. ३९ गावांत प्रत्येकी एक स्त्री आरोग्यदूत होती. तिच्या पिशवीत ताणकाटा, तापमापक, बाळाच्या नाकातोंडातला चिकटा ओढायची नळी, बाळाला गुंडाळायचे गरम पांघरूण आणि जंतुदोष झाल्यास देण्यासाठी जेंटामायसिनची इंजेक्शने. १९९३ ते १९९५ मध्ये या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात मरत होती, १९९७-९८ मध्ये हा आकडा २५ च्या आसपास आला. शेजारच्या गावांत रस्ते तेच, पाऊस तोच, सरकारी केंद्र तेच. पण घट तशी झाली नाही. ‘राहणीमान सुधारले की मृत्यू आपोआप घटतात’ असा जो युक्तिवाद इंग्लंडचे डॉ. थॉमस मॅकिओन यांच्या नावाने ओळखला जातो, त्याला मी खोडून काढत नाही. शतकभराच्या पल्ल्यात अन्न, पाणी आणि घर यांचा वाटा मोठाच आहे. पण गडचिरोलीतल्या त्या पाच वर्षांत दोन्ही बाजूंचे राहणीमान सारखेच होते. तिथली तफावत राहणीमानाने समजावता येत नाही.

दुसरा आक्षेप देवीच्या रोगाचा. देवी गेली ती सक्तीच्या लसीकरणाने, असे म्हटले जाते. मुंबईत १८७७ पासून तसा कायदा होता. पण शंभर वर्षे कायदा असूनही देवी टिकून होती. १९७० च्या दशकात मोहीम यशस्वी झाली ती रुग्ण शोधून भोवतीच्यांना टोचण्याच्या पद्धतीने, आणि रुग्ण शोधायला सरकारने बक्षीस लावले. रुग्ण दाखवा, पैसे घ्या. ते बक्षीस वाढत वाढत शेवटी हजार रुपयांवर गेले. काही ठिकाणी अखेरच्या टप्प्यात दांडगाई झाली, हे लपवण्याचे कारण नाही. मात्र ज्या बातमीवर सगळी मोहीम उभी होती ती बातमी दांडगाईने मिळाली नाही, विकत घेतली गेली.

आता या इतिहासातला कमी बोलला जाणारा भाग. १८९७ मध्ये नोंदीची भीती घरवाल्याला होती. शंभर वर्षांनी ती भीती सरकारी कर्मचाऱ्याच्या घरी राहायला गेली. मेळघाटातले बालमृत्यू १९९३ मध्ये गाजले, विधानसभेत प्रश्न आले, न्यायालयात याचिका गेल्या. त्यातून निधी आला हे खरे, पण खालच्या पातळीवर निरोप वेगळाच पोचला. ज्याच्या उपकेंद्रात मृत्यू जास्त, त्याची चौकशी. मग पहिल्या दिवशी मेलेले बाळ ‘मृत जन्म’ ठरते, कारण मृत जन्म बालमृत्यूत धरला जात नाही. कुपोषणाने खंगलेले मूल ‘न्यूमोनियाने’ जाते. २००१ मध्ये तेरा स्वयंसेवी संस्थांनी मिळून आपापल्या गावांत वर्षानुवर्षे मोजलेले मृत्यू एकत्र केले. ‘कोवळी पानगळ’ या नावाने तो अहवाल निघाला. महाराष्ट्रातले बहुसंख्य बालमृत्यू आरोग्य खात्याच्या नोंदीत येतच नाहीत, असे त्यात दिसले. सरकारने अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तिनेही कमी नोंदीचा मुद्दा मान्य केला. प्लेगच्या वेळी ‘ताप’ लिहवून घेणारा चाळकरी आणि ‘मृत जन्म’ लिहिणारा आरोग्य कर्मचारी यांच्यात मला नैतिक फरक फारसा दिसत नाही. दोघेही खऱ्या नोंदीच्या शिक्षेपासून स्वतःला वाचवत होते.

यावर तिसरा आक्षेप येईल, आणि तो सर्वांत अवघड आहे. नोंद देणाऱ्याला लाभ दिला तर नोंदी खऱ्या होतील की फक्त वाढतील? करोनाने याचे दोन्ही पैलू दाखवले. १६ जून २०२० ला महाराष्ट्राने एका दमात १,३२८ जुने मृत्यू यादीत घातले, त्यातले ८६२ एकट्या मुंबईचे. ते तोवर कागदांच्या जुळणीत अडकले होते. नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने करोनामृताच्या वारसाला ५० हजार रुपये द्यायचे ठरले. २०२२ च्या सुरुवातीपर्यंत राज्यातला अधिकृत आकडा १ लाख ४१ हजारांच्या आसपास होता, आणि अर्ज दोन लाखांवर गेले. त्यातले काही खोटे, काही दुबार, हे गृहीत धरायला हवे. बनावट दाव्यांबद्दल न्यायालयानेही नंतर चिंता व्यक्त केली. पण खोटा दावा कागद मागून, शेजाऱ्याला विचारून पकडता येतो. जी नोंद कधी झालीच नाही ती पकडायला कागदच नसतो. या दोन चुकांपैकी एक निवडायची तर मी पहिली निवडीन. लाभ म्हणजे पैसाच असेही नाही. गडचिरोलीत नोंद देणाऱ्या आईला कोणी रोकड दिली नव्हती.

गडचिरोलीची पद्धत सरकारने पुढे देशभर घेतली. २००५ मध्ये आलेल्या आशा कार्यकर्त्यांकडे २०११ पासून घरोघरच्या नवजात भेटी आल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला सहा, घरी जन्मलेल्याला सात, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. त्यासाठी तिला २५० रुपये. संस्थेच्या ३९ गावांत जे जमले ते लाखो गावांत, तुटपुंज्या मोबदल्यावर, डझनभर इतर कामांच्या ओझ्याखाली तितकेच जमेल, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तरी एक बारीक गोष्ट या भेटींच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे. हे २५० रुपये मिळायच्या अटी अशा: बाळाचे वजन कार्डावर लिहिलेले असावे, जन्माची नोंद झालेली असावी, सुरुवातीच्या लसी टोचलेल्या असाव्यात, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई व बाळ दोघे सुखरूप असावेत. पहिल्या तीन अटी तिच्या आवाक्यातल्या आहेत. चौथी तशी नाही. कमी वजनाच्या, अशक्त बाळाच्या घरी तिने ठरलेल्या दिवशी सगळ्या फेऱ्या घातल्या आणि बाळ अठराव्या दिवशी गेले, तर त्या फेऱ्यांचा मोबदला या अटीत अडकतो. ती अट गाळून प्रत्येक भेटीचे पैसे वेगळे द्यावेत आणि मृत्यू वेळेत कळवल्याचेही द्यावेत, एवढा बदल करायला नवे औषध लागत नाही. एक परिपत्रक पुरेल.